आजोबांची खुंटी

रविवारी सकाळी साडेआठला टकटक स्टुलावर चढून खुंट्यांची फळी पुसत होती. पुसता पुसता तिचं फडकं एका रिकाम्या खुंटीपाशी आलं आणि तिथेच थांबलं.

सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला ही फळी. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी रस्त्यातून काही वाहून न्यायचं नाही, म्हणून पुरुषांच्या प्रार्थनेच्या शाली कापडी पिशव्यांत घालून इथेच टांगलेल्या असायच्या. ज्याची त्याची खुंटी ठरलेली. माणूस गेला की त्याची शाल त्याच्याबरोबर जमिनीत जाई, आणि वर्ष पुरं झालं की खुंटी काढून भोक लाकडी बोंडाने बुजवलं जाई. फळीवर आता खुंट्यांपेक्षा बोंडंच जास्त होती. खुंट्या उरल्या होत्या पंधरा.

आज रविवार. सगळे आपापल्या घरी, म्हणजे सगळ्या पिशव्या जागेवर हव्यात. तशा त्या होत्याही. तरी एक खुंटी रिकामी होती.

आजोबांची.

टकटक स्टुलावरून उतरली आणि त्याच स्टुलावर बसली. आजोबांना जाऊन सव्वादहा महिने झाले होते. त्यांची शाल त्यांच्याबरोबर गेली हे तिला पक्कं ठाऊक होतं, तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. वर्ष भरायचं होतं म्हणून खुंटी ठेवली होती, तेही ठाऊक होतं. आणि चाळीस शनिवार ती ह्याच फळीकडे नजर टाकून, रिकाम्या खुंट्या मोजून, "झाले दहा" म्हणून आत मान हलवत आली होती.

दहा खुंट्या रिकाम्या. त्यातली एक आजोबांची. म्हणजे आत माणसं नऊ, आणि प्रार्थनेला तर दहा पुरुष लागतात.

आता कुणी म्हणेल, सरळ डोकी मोजायला काय झालं होतं? पण ह्या लोकांत माणसं मोजत नाहीत. माणसाला आकडा लावला की नजर लागते, अशी जुनी समजूत. अगदीच वेळ आली तर "एक नाही, दोन नाही, तीन नाही" असं म्हणत मोजायचं, म्हणजे मोजल्यासारखंही होतं आणि न मोजल्यासारखंही. आजोबांनी चाळीस वर्षं दार सांभाळलं. त्यांनी त्यावर स्वतःची सोपी युक्ती काढली होती, माणसं सोडून खुंट्या मोजायच्या. ती युक्ती त्यांनी नातीला शिकवली. आपण गेल्यावर आपल्या खुंटीचं काय करायचं, एवढं सांगायचं मात्र राहून गेलं. आपण नसल्यावरचा हिशेब कोण शिकवतो?

दार ढकलून अर्ध्या आत आला. अर्ध्या म्हणजे तिचा चुलतभाऊ, काकांचा मुलगा. वैद्यकीचं शिक्षण त्याने अर्ध्यावर सोडलं तेव्हापासून सगळे त्याला 'अर्धा डॉक्टर' म्हणत, आणि पुढे डॉक्टर गळून अर्ध्याच उरला. गेल्या वर्षभरात मात्र ह्या अर्ध्याने एक गोष्ट पुरी केली होती. आजोबांनंतर तो प्रार्थना चालवायला शिकला, एकही शनिवार चुकला नाही, आणि मास्तरांची चाकांची खुर्ची चढावरून ढकलत आणायचं कामही त्याचंच.

"तू अशी का बसलीयेस? तासाभरात मंडळी येतील. पत्रावर सही झाली की मी आज उड्या मारणार आहे, आधीच सांगून ठेवतो."

टकटकने त्याला फळी दाखवली. जास्त बोलावं लागलं नाही. त्याने एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"किती शनिवार?" त्याने विचारलं.

"वहीत सव्वीस वेळा दहा लिहिलेत मी. बाकीच्या चौदा वेळी पाहुणे होते, अकरा-बारा भरले होते. ते चौदा खरे. सव्वीस खोटे."

"खोटे नाहीत. चुकलेले."

"आज कळल्यावर सही केली तर खोटेच की रे."

अर्ध्याने दार लावून घेतलं. "हे बघ. मोठ्या संस्थेने काय सांगितलं होतं? सलग चाळीस शनिवार दहा पुरुष जमवून दाखवा, दहा वर्षं ही जागा तुमच्याकडे. नाही जमले, तर ग्रंथ आम्ही नेतो आणि इमारतीला कुलूप. आणि ही अट सुचवली कुणी? माझ्या वडिलांनी. त्यांना वाटलं होतं, ही पोरं चार आठवड्यांत थकतील. आज ते स्वतःच्या हाताने सही करणार आहेत आणि तू त्यांना म्हणणार, थांबा काका, तुमचंच बरोबर होतं?"

"मग काय करू?"

"काही करू नकोस. तोंड मिटून बस. पुढच्या शनिवारी अकरावा माणूस आणू. घरोघर भीक मागू. पण आज नको."

टकटकने फडक्याची घडी घातली. दोन वर्षांत तिने तीन नोकऱ्या सोडल्या होत्या. चौथी शोधायचीही तिने सोडून दिली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली, तेव्हा आजोबांनी एका शुक्रवारी तिच्या उशाशी सिनेगॉगची किल्ली ठेवली. "उद्या घड्याळजींना घेऊन ये. त्यांचा गुडघा धरलाय," एवढंच म्हणाले. शब्बाथला विजेची घंटी वाजवायची नाही, म्हणून ती बोटांनी दार वाजवी. पुढे घड्याळजींबरोबर मास्तर आले, मग सायकलवाले जुळे भाऊ आले. शहरातली तरणी मुलं नोकऱ्यांसाठी केव्हाच पांगली होती. उरल्या होत्या मुली, त्यांतल्या चौघींना तिने हाताशी धरलं. शुक्रवारी दुपारी पाची जणी म्हाताऱ्यांकडे जाऊन औषधं बघायच्या, दिवे नीट करायच्या, पत्रं वाचून दाखवायच्या. शनिवारी सकाळी टकटक, टकटक. नाव घड्याळजींनी ठेवलं आणि ते चिकटलं. एवढं करून ती स्वतः मोजणीत धरली जात नव्हती, कारण इथे जुनी रीत होती, पुरुषच धरायचे. तिला त्याचं फारसं काही वाटत नसे, निदान ती तसं म्हणत असे.

"अर्ध्या, माझ्या बाबांचं काय?" ती म्हणाली.

"काकांचं काय?"

"कद्दिश."

हे अर्ध्याच्या लक्षातच आलं नव्हतं. मुलाने मेलेल्या बापासाठी अकरा महिने म्हणायची प्रार्थना ती कद्दिश, आणि दहा पुरुष हजर असल्याखेरीज ती म्हणताच येत नाही. टकटकचे बाबा दर शनिवारी उभे राहून ती म्हणत होते, तिच्या "झाले दहा"वर विसंबून. नऊ माणसांत म्हटलेली कद्दिश म्हणजे न म्हटलेलीच.

अर्ध्या समोरच्या बाकावर बसला. मग म्हणाला, "त्यांना कळलं नाही तर त्यांना काहीच होणार नाही. कळलं तर त्यांचं काय होईल, तूच सांग."

तेवढ्यात दाराशी काठी वाजली. घड्याळजी नेहमीप्रमाणे वेळेच्या वीस मिनिटं आधी हजर होते.

* * *

साडेनऊला सगळे जमले, शनिवारचे नेहमीचे नऊही. सायकलवाल्या जुळ्यांनी नेहमीप्रमाणे दोन टोकांच्या खुर्च्या धरल्या. अठरा वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते आणि अठरा वर्षं एकाच दुकानात बसत होते. मास्तर खुर्चीतच डुलक्या घेत होते. टकटकची आई आणि काकू शेजारी शेजारी बसल्या खऱ्या, पण मधली एक खुर्ची मोकळी ठेवून. दोन्ही घरांचं बोलणं सध्या तेवढ्या अंतरावरूनच चाले.

बाबा शेवटच्या रांगेत बसले. चष्म्यांचं छोटं दुकान त्यांचं, दुसऱ्यांच्या नजरा तपासण्यात जन्म गेला. आजोबांना, म्हणजे त्यांच्या नानांना, शेवटचे सात महिने त्यांनीच घरी ठेवून सांभाळलं. काकांना आजोबा इस्पितळात हवे होते. त्यावरून भाऊ भांडले, आणि मरणाच्या आदल्या आठवड्यात आजोबांनी दाराची ती किल्ली थोरल्या मुलाला न देता नातीच्या उशाशी ठेवली, तेव्हा ते भांडण कायमचं झालं. त्या दिवसापासून काकांनी सिनेगॉगचा उंबरा ओलांडला तो फक्त कामकाजासाठी, प्रार्थनेसाठी एकदाही नाही. त्यांच्या शालीची पिशवी सव्वादहा महिने खुंटीवर तशीच होती.

काका सिनेगॉगचे अध्यक्ष, ते टेबलामागे बसले. जमिनीच्या मोजणी खात्यात त्यांची नोकरी झाली होती. निवृत्त झाले तरी खिशात टेप असे आणि कुणाच्या घरी गेले तर आधी खोलीच्या भिंतीवरून नजर फिरे. त्यांनी वही उघडली, पत्र पुढ्यात ओढलं.

"वाचून दाखवतो," ते म्हणाले. "पहिला शनिवार, दहा. दुसरा, दहा. तिसरा, अकरा."

चाळीसच्या चाळीस त्यांनी वाचले. घाई नाही, चढ-उतार नाही. टकटकला वाटलं, एकेक आकडा ते चिमट्याने उचलून तिच्यासमोर ठेवतायत. अर्ध्या भिंतीला टेकून तिच्याकडेच बघत होता. मान किंचित हलवत होता, नको, नको.

"दार सांभाळणाऱ्याने आकडे खरे असल्याची सही करायची, मग मी." काकांनी पेन पुढे केलं, पण हातातून सोडलं नाही. "टकटक, तुझी खात्री आहे?"

"काय?"

"आकड्यांची. खात्री आहे का, विचारतोय."

"अहो, पोरीने वर्ष घातलंय ह्यात," आई म्हणाली. "आता तरी तिची उलटतपासणी नको, भावजी."

"मी तिला विचारलं, तुम्हाला नाही."

"चिडू नका तुम्ही. ती माझी मुलगी आहे म्हणून बोलले."

टकटकने पेन धरलं. दुसऱ्या टोकाला काकांची बोटं तशीच होती. तिने मागे पाहिलं. बाबा हसले, सही कर असं हाताने खुणावलं. हसताना त्यांचा चष्मा नाकावर वर सरकायचा, आजोबांचा सरकायचा अगदी तस्सा. ते हसले नसते तर कदाचित तिने सही केलीही असती.

"नाही," ती म्हणाली. "खात्री नाही. चूक आहे."

आणि तिने सांगितलं. फळीकडे बोट करून, उभ्या उभ्या, एका दमात. खुंटी, शाल, सव्वीस शनिवार. मध्ये थांबली असती तर पुढचं तोंडातून निघालं नसतं.

मग डाव्या टोकाचा सायकलवाला म्हणाला, "म्हणजे माझे गुडघे सव्वीस वेळा फुकट मोडले."

"गप," उजव्या टोकाचा म्हणाला. अठरा वर्षांतला हा पहिला शब्द. पण त्याकडे लक्ष द्यायला कुणाला फुरसत नव्हती, कारण बाबा उभे राहिले होते.

"कद्दिश?" बाबांनी विचारलं.

बाबा घड्याळजींकडे वळले. रीतभात विचारायची ती त्यांनाच. "सांगा ना. नऊ असले तर?"

घड्याळजींनी काठी ह्या हातातून त्या हातात घेतली. "नऊ म्हणजे नऊच. त्याला मी काय करू?"

"म्हणजे मी सव्वीस वेळा कुणापुढे उभा होतो?" बाबांचा आवाज कधी चढत नसे, आत्ताही चढला नाही, आणि तेच ऐकवेना. "मला ती धड येतही नव्हती. दुकानात काउंटरखाली कागद ठेवून पाठ केली मी. नानांना माझ्या हातून कधी काही नीट झालेलं दिसलं नाही. म्हटलं, एवढं एक तरी सरळ होऊ दे."

"बाबा, मी..."

"थांब." त्यांनी हात वर केला. "मला जरा थांबू दे."

एवढ्यात काकू मधली रिकामी खुर्ची ओलांडून सरकल्या आणि त्यांनी आईचा हात धरला. आईने तो काढून घेतला नाही.

"काय नवल आहे," काकू म्हणाल्या, कुणालाही न उद्देशून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ही पोरगी प्रत्येक शनिवारी आत उभी होती. तिला धरली असती तर दहा होतेच."

घड्याळजी खोकले. ह्या विषयावर त्यांना नेहमीच खोकला येई.

"पण धरत नाही," अर्ध्या म्हणाला. तो भिंतीपासून सुटून पुढे आला होता. "मग बोलून काय उपयोग? झालं, बाबा. तुमच्या मनासारखं झालं. लिहा पत्र, पाठवून द्या. पोरांच्या हातून काही पुरं होत नाही, हेच लिहायचंय ना तुम्हाला?"

काका वहीकडे बघत होते. सगळ्यांत जास्त नवल कुणाला वाटायला हवं होतं तर त्यांना. हातात आयता विजय पडला होता. पण त्यांच्या चेहऱ्यावर नवलही नव्हतं आणि आनंदही नव्हता. हे सर्वांत आधी घड्याळजींच्या ध्यानात आलं. जन्मभर बारीक वस्तू बघितलेला माणूस तो.

"अध्यक्षसाहेब," घड्याळजी म्हणाले, "तुम्ही तिला खात्री विचारलीत. एकदा नाही, दोनदा. का?"

"सहज."

"सहज तुम्ही आजवर काही केलेलं मला आठवत नाही."

काकांनी वही मिटली, पुन्हा उघडली. मग म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?" बाबांनी विचारलं.

"नऊ आहेत ते. नानांना शाल मी गुंडाळली होती. रीतीप्रमाणे तिचा एक गोंडा कापायचा, तोही मी कापला होता, तू रडत होतास म्हणून. ती खुंटी परत कधी भरणार नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?"

"पण आत किती माणसं आहेत हे तुम्हाला कसं कळलं?" टकटक म्हणाली. "तुम्ही तर येतच नव्हता."

बोलल्या त्या काकू. अगदी हळू, जणू स्वतःशीच हिशेब लावत. "शनिवारी सकाळी फिरायला जाता ना तुम्ही. पाऊस असो, थंडी असो. साठ वर्षांत कधी चालायला म्हणून बाहेर न पडलेला माणूस. मी आपली खूश, तब्येतीकडे लक्ष देतायत."

"कुठे जात होतास, दादा?" बाबांनी विचारलं.

"समोर. चपलांच्या दुकानाच्या ओट्यावर." काकांनी पेन टेबलावर ठेवलं. "नऊजण आत जाताना बघायचो. मग ही पोरगी दारात येऊन झाले दहा म्हणायची. पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी आधीच आत असेल. दुसऱ्या शनिवारी उजाडलं मला. म्हटलं बरं झालं, सापडली. नानांनी कुणाच्या हातात दार दिलं ते जगाला दिसू दे. हे मी खरंच म्हटलं. आता कशाला लपवू?"

"आणि मी कद्दिश म्हणत होतो ते?"

"ऐकायचो. रस्ता ओलांडून खिडकीखाली येऊन उभा राहायचो. तू चौथ्या ओळीला अडखळायचास. नंतर नंतर नाही अडखळलास. मी बाहेरून आमेन म्हणायचो."

"बाहेरून," बाबा म्हणाले.

"बाहेरून."

"दहा पावलं होती रे दादा. दहा पावलं आत आला असतास तर झालं असतं."

"मी मोजलीयत. चौदा आहेत." काकांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "आधी राग होता. मग राग गेला आणि लाज वाटायला लागली. वाटायचं, पुढच्या शनिवारी जाईन. आणि प्रत्येक शनिवारी त्या आधीच्या शनिवारांचं काय सांगू, हा प्रश्न. वीस झाल्यावर तर कुठल्या तोंडाने येणार होतो?"

"सव्वीस शनिवार तुम्ही आपल्या भावाला खड्ड्यात जाताना बघितलंत," काकू म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्या नवऱ्याशी चारचौघांत असं कधी बोलल्या नव्हत्या. "आणि घरी येऊन चहा मागितलात."

अर्ध्या बापाकडे बघत राहिला. इतका वेळ त्याच्या तोंडात भांडण तयार होतं, ते त्याला आता सापडेना. "बाबा," तो म्हणाला, "मी आत एकटा तुमची वाट बघायचो. प्रत्येक शनिवारी. दारात पाय वाजला की मागे बघायचं नाही, म्हणून स्वतःला बजावायचो."

टकटकला हे माहीत नव्हतं. खुंट्यांकडे डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्या तिला, शेजारी उभा असलेला भाऊ कुणाची वाट बघतोय ते कळलं नव्हतं. तिला त्याचं आणि काकांचंही फार वाईट वाटलं, आणि काकांचा रागही आला. दोन्ही एकदमच आलं आणि दोन्ही खरं होतं.

काकूंनी पत्र नवऱ्यापुढे सरकवलं. "लिहा. जे आहे ते लिहा."

काकांनी पेन उचललं. सलग लिहिलं. लिहून झाल्यावर कागद उलटा करून टकटककडे दिला. तिने तो मोठ्याने वाचला, कारण सगळे तिच्याकडेच बघत होते.

"चाळीसपैकी चौदा शनिवार दहा किंवा अधिक पुरुष होते. सव्वीस शनिवार नऊ होते. हे दार सांभाळणाऱ्या मुलीने स्वतःहून सांगितले. दहावा माणूस दर वेळी दाराबाहेर उभा होता. आत यायला त्याला कोणीही अडवले नव्हते. तो म्हणजे खाली सही करणारा. जागेचा निर्णय करताना हे ध्यानात घ्यावे."

खाली सही होती, मोजणी खात्यातली, ठसठशीत.

"जाईल जागा," उजव्या टोकाचा सायकलवाला म्हणाला.

"जाईल कदाचित," डाव्या टोकाचा म्हणाला.

टकटकने कागदावर आपली सही केली. अक्षर नीट आलं. जागा जाणार असेल तर जाईल. किल्ली परत द्यावी लागेल. फळी, स्टूल, शुक्रवारच्या पाचजणींच्या फेऱ्या, सगळं कुठेतरी दुसरीकडे मांडावं लागेल किंवा मांडता येणार नाही. तिला रडू येत होतं. पण बाबा अजून उभेच होते, आणि त्यांच्याकडे बघून तिच्या ध्यानात आलं की तिचं आजचं काम संपलेलं नाही.

"घड्याळजी, किती वाजले?" तिने विचारलं.

"दहा वाजून बारा मिनिटं."

"सकाळच्या प्रार्थनेची वेळ गेली का?"

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या सुरकुत्या हळूहळू हलल्या. "दुपार व्हायच्या आत चालतं. पण माणसं हवीत."

टकटक खोलीच्या मध्ये येऊन उभी राहिली. फळीकडे तिने पाठ केली. आयुष्यात पहिल्यांदा ती माणसांकडे बघून मोजणार होती.

"एक नाही," ती घड्याळजींकडे बघून म्हणाली. "दोन नाही. तीन नाही." जुळे भाऊ आपापल्या टोकाला ताठ झाले. मास्तरांना कुणीतरी हलवून जागं केलं. "चार नाही. पाच नाही. सहा नाही. सात नाही." अर्ध्याकडे आली. "आठ नाही." मग बाबांकडे. "नऊ नाही."

ती टेबलापाशी जाऊन थांबली. काका मान खाली घालून बसले होते. पुढचं तिने म्हटलं नाही. ते तिने म्हणायचं नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "बाबांना माणूस कमी पडतोय."

काका हलले नाहीत. आईने काकूंचा हात घट्ट धरला. बाबा आपल्या भावाकडे बघत होते, बोलवत नव्हते आणि नजरही काढत नव्हते. माफ केल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं. नुसते वाट बघत होते.

मग खुर्ची मागे सरली. काका फळीपर्यंत चालत गेले. आपल्या पिशवीवरची सव्वादहा महिन्यांची धूळ त्यांनी फुंकली नाही, तशीच छातीशी धरली. शाल काढताना त्यांना ती उलगडेना, घड्या बसल्या होत्या. बाबा गेले, एक टोक त्यांनी धरलं, आणि दोघा भावांनी मिळून ती झटकली.

बाकीच्यांनी आपापल्या पिशव्या काढल्या. अर्ध्या पुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने सुरुवात केली. आवाज पहिल्यांदा बसला, मग लागला.

कद्दिशची वेळ आली तेव्हा बाबांनी म्हणायला सुरुवात केली आणि दोन शब्दांनी काका त्यात आले. काकांना ती बाबांपेक्षा चांगली येत होती, पण चौथ्या ओळीला अडखळले ते काकाच. बाबा थांबले, त्यांना गाठू दिलं, आणि दोघे मिळून पुढे गेले. बाकीच्यांनी आमेन म्हटलं. ह्या खेपेला ते सगळं आतून आलं.

टकटक दाराशी आपल्या जागी उभी होती. सवयीने तिची नजर फळीकडे गेली. आजोबांची धरून अकरा खुंट्या रिकाम्या होत्या.

"झाले दहा," ती म्हणाली, कुणाला ऐकू जाणार नाही इतकं हळू, आणि मग तिने डोळे पुसले.